अलाहिदा डाव

मराठी वर्तमानपत्रातील खेळाचे पान तुम्ही वाचता का? वाचत नसाल तर वाचायला लागा. त्या पानावर तुमच्या घरातलेच काही शब्द तुम्हांला भेटतील. 'सामना बरोबरीत सुटला', 'पंचांनी जादा वेळ दिला', 'अलाहिदा डावात विजय मिळवला' अशी वाक्ये तिथे नेहमी असतात. यातला 'बरोबर' म्हणजे आपला 'बराबर'. 'जादा' म्हणजे 'जियादा'. आणि 'अलाहिदा' तर जसाच्या तसा आपला अलाहिदा, म्हणजे वेगळा, निराळा. हा शब्द अरबीतून फारसीत, फारसीतून मराठीत आला आणि खो-खोच्या मैदानावर जाऊन बसला. 'मैदान' हा शब्दही त्याच वाटेने आलेला आहे. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू 'दम' धरतो, तो 'दम' म्हणजे फारसीतला श्वासच.

दोन संघ शेवटपर्यंत खेळले आणि दोघांचे गुण सारखेच राहिले, तर पुढे काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर वेगवेगळ्या खेळांनी वेगवेगळे दिले आहे. ती उत्तरे आज आपण पाहू. पण त्याआधी मला हा प्रश्न का पडला ते सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. आपल्या चिमूर भागात धानाची कापणी झाली की मोकळ्या बांध्यांत आणि शाळांच्या पटांगणांत कबड्डीचे सामने सुरू होतात, हे तुम्हांला माहीतच आहे. भिसी, नेरी, शंकरपूर, जांभुळघाट, जिकडे जाल तिकडे चुन्याच्या रेषा आखलेल्या दिसतात. अशाच एका गावी मी मुलांचा संघ घेऊन गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. तिथल्या मंडळींनी आम्हांला पोटभर जेवू घातले होते आणि त्यांच्या मनात काही वाईट नव्हते.

आमचा सामना दुपारी तीनला व्हायचा होता. तो सुरू झाला साडेचारनंतर. खेळ मात्र सुरेख झाला. शेवटची शिटी वाजली तेव्हा फळ्यावर खडूने २७ आणि २७ असे आकडे होते. सूर्य झाडांमागे गेला होता. मैदानावर दिव्यांची सोय नव्हती. दोन्ही संघांना परत जायचा रस्ता जंगलातून होता. आपल्या तालुक्यात संध्याकाळनंतरचा जंगलातला रस्ता म्हणजे काय, हे मी तुम्हांला सांगायला नको. ताडोबाचे वाघ वनखात्याची सीमा पाहून चालत नाहीत. आयोजक म्हणाले, "सर, अंधार पडतोय. लेकरं घरी गेली पाहिजेत. नाणं उडवू या." मलाही ते पटले. नाणे उडाले. आमच्या कर्णधाराने 'छापा' म्हटले आणि काटा पडला. आम्ही हरलो.

जीपमध्ये कोणी बोलत नव्हते. थोड्या वेळाने आठवीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, पुस्तकात असंच लिहिलंय का? बरोबरी झाली की नाणं उडवायचं?"

मी म्हणालो, "हो, तसंच असेल."

खरे सांगायचे तर मला माहीत नव्हते. मी बी.एड. झालेला शिक्षक, संघ घेऊन गावोगाव फिरत होतो आणि बरोबरीचा नियम मी कधी वाचलाच नव्हता. पुढच्या आठवड्यात चंद्रपूरला गेलो तेव्हा कबड्डीचे नियमपुस्तक मिळवले, आणि जे वाचले ते वाचून मला रात्री नीट झोप लागली नाही. ते काय होते हे मी थोड्या वेळाने सांगतो. आधी खो-खोकडे वळू, कारण 'अलाहिदा डाव' हा शब्द तिथला आहे.

खो-खो तुम्ही सगळे खेळता. दोन खांबांच्या मधल्या पट्टीत आठ खेळाडू एकाआड एक उलट दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. समोरच्या संघाचे तीन-तीन गडी आत येतात आणि पळतात. पाठलाग करण्याला आक्रमण म्हणतात आणि पळण्याला संरक्षण. मोठ्यांच्या सामन्यात एक पाळी नऊ मिनिटांची असते. दोन्ही संघांचे एकेक आक्रमण व एकेक संरक्षण झाले की एक डाव पुरा होतो. असे दोन डाव मिळून सामना. एक गडी बाद केला की एक गुण.

दोन डावांनंतर गुण समान झाले, आणि सामना साखळीतला असला, तर बरोबरी तशीच ठेवता येते. पण बाद फेरीत तसे चालत नाही, कारण पुढच्या फेरीत एकच संघ जाणार. म्हणून आणखी एक डाव खेळवतात. हाच अलाहिदा डाव. पहिल्या दोन डावांपासून वेगळा काढलेला, म्हणून अलाहिदा. त्यात दोन्ही संघांना पुन्हा एकेकदा पळायचे असते आणि एकेकदा पकडायचे असते. आधीच छत्तीस मिनिटे खेळ झालेला असतो. पायांत गोळे आलेले असतात. अशा वेळी पुन्हा नऊ मिनिटे खांबाला वळसे घालायचे, म्हणजे ज्याने वर्षभर पहाटे उठून सराव केला आहे त्याचेच काम.

आणि या डावातही गुण समान झाले तर? मग जे होते ते मला सर्व खेळांतल्या नियमांत सर्वांत सुंदर वाटते. त्याला 'लघुत्तम आक्रमण' म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. गणिताच्या उर्दू पुस्तकात तुम्ही 'जू अजआफे अकल' शिकता, त्यालाच मराठीत लघुत्तम साधारण विभाज्य, म्हणजे लसावि म्हणतात. लघुत्तम म्हणजे सर्वांत लहान. या डावात एका संघाने आक्रमणाला सुरुवात करायची आणि पहिला गडी बाद होताच पंचाने घड्याळ थांबवायचे. किती वेळ लागला तो लिहून घ्यायचा. मग दुसऱ्या संघाने आक्रमण करायचे. त्यांनाही एकच गडी बाद करायचा आहे. ज्याला कमी वेळ लागला तो जिंकला.

समजा, पहिल्या संघाला एक गडी बाद करायला १ मिनिट ४० सेकंद लागली. आता दुसऱ्या संघाला त्याहून कमी वेळात एक गडी टिपायचा आहे. शिटी वाजते. आत तीन गडी आहेत, पण खरी जबाबदारी त्यांतल्या पळणाऱ्या एकावर येते. त्याला काही जिंकायचे नाही. फक्त १ मिनिट ४० सेकंद जिवंत राहायचे आहे. मैदानाच्या कडेला बसलेली माणसे मोठ्याने सेकंद मोजतात. सत्तर, एेंशी, नव्वद. पळणाऱ्याला आकडे ऐकू येतात आणि पाठलाग करणाऱ्यालाही ऐकू येतात. एकाला वाटते घड्याळ थांबले आहे, दुसऱ्याला वाटते घड्याळ धावते आहे. घड्याळ मात्र एकच असते.

यात दोन्ही संघांना तेच काम दिलेले आहे, हे लक्षात घ्या. नाणेफेक इथेही असते, पण ती फक्त कोणी आधी आक्रमण करायचे एवढ्यापुरती. काही खेळाडू म्हणतात की, नंतर आक्रमण करणाऱ्याला फायदा, कारण त्याला किती वेळात गडी मारायचा ते ठाऊक असते. काही म्हणतात की, तोच आकडा मानेवर बसतो आणि 'खो' देताना चूक होते. मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत. निर्णय तुम्ही करा.

आता कबड्डी. पूर्वी आपल्याकडे हुतुतू म्हणत. हा खेळ जगाला दाखवण्यात आपल्या विदर्भाचाही वाटा आहे. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले होते, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे आपल्या खेळांची प्रात्यक्षिके केली. त्यांत हा खेळही होता. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली.

कबड्डीतही साखळी सामन्यांतील बरोबरी पुष्कळदा तशीच राहते. चीनमधील हांगचौ येथे सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई स्पर्धा झाल्या. तिथे भारताच्या मुलींचा पहिलाच सामना चिनी तैपेईशी होता आणि तो ३४-३४ असा बरोबरीत सुटला. कोणी हरले नाही, कोणी जिंकले नाही, दोघी पुढे गेल्या. अंतिम सामन्यात पुन्हा याच दोन संघांची गाठ पडली. त्या वेळी भारताने २६-२५ असा विजय मिळवला. फक्त एका गुणाने. तो एक गुण झाला नसता, तर सुवर्णपदक कोणाचे हे ठरवायला जादा खेळ लागला असता.

तो जादा खेळ कसा असतो, हेच मी त्या नियमपुस्तकात वाचले. बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटला तर दोन्ही संघांना पाच-पाच चढाया द्याव्यात, असे तिथे स्पष्ट लिहिलेले होते. दोन्ही संघांचे सातही खेळाडू मैदानात उतरतात. कर्णधाराने पाच चढाईपटूंची यादी क्रमाने पंचाकडे द्यायची. पाच चढाया पाच वेगळ्या खेळाडूंनी करायच्या. एकाच वाघाने पाच वेळा जायचे नाही. एक चढाई यांची, एक त्यांची, अशी पाळी चालते. या वेळी बाद झालेला खेळाडू बाहेर जात नाही, फक्त गुण मोजतात. म्हणून समोर नेहमी सातच्या सात असतात. आणखी एक गंमत आहे. एरवी निदान रेषा ओलांडली नाही तर चढाई करणारा बाद होतो. या डावात तीच निदान रेषा बोनस रेषाही होते. ती नीट ओलांडली की एक गुण मिळतो.

यामुळे काय होते ते मनात आणून पाहा. सामन्यात मागे उभा राहणारा, कधी चढाईला न जाणारा, फक्त पकड करणारा मुलगा असतो ना? त्यालाही आता जावे लागते. संघात दोन चांगले चढाईपटू असतील तर तिसरा, चौथा, पाचवा कोण, हा प्रश्न कर्णधारासमोर उभा राहतो. पाचव्या क्रमांकावर कोणाला ठेवायचे? सर्वांत धीट मुलाला की सर्वांत चपळ मुलाला? शाळेच्या संघात हे ठरवताना मित्रांची भांडणे झालेली मी पाहिली आहेत.

दहा चढाया होऊनही गुण सारखेच राहिले, तर पुन्हा नाणेफेक होते आणि ती जिंकणाऱ्याला 'सुवर्ण चढाई' मिळते. त्या चढाईत जो गुण घेईल तो जिंकला. चढाई करणाऱ्याने गडी मारला तर त्याचा संघ, त्याची पकड झाली तर समोरचा. काहीच झाले नाही तर दुसऱ्या संघाला एक सुवर्ण चढाई. तिच्यातूनही निर्णय लागला नाही, तर मात्र नाणे. म्हणजे नाणेफेकीवर विजय ठरवणे पुस्तकात आहे, पण ते सगळे उपाय संपल्यावर, अगदी शेवटच्या ओळीत.

आता हिशेब करा. एका चढाईला जास्तीत जास्त ३० सेकंद. दहा चढायांना किती? ५ मिनिटे. मधला वेळ धरला तरी दहा मिनिटांच्या आत सगळे आटोपते. त्या संध्याकाळी शिटी वाजल्यापासून नाणे उडेपर्यंत आम्ही पंधरा मिनिटे नुसते बोलत उभे होतो. तेवढ्या उजेडात दहा चढाया सहज झाल्या असत्या. मुले तयार होती. नियम मात्र मलाही माहीत नव्हता आणि आयोजकांनाही.

हा पाच चढायांचा नियम येण्यापूर्वी कबड्डीत जादा वेळ देत. पाच मिनिटांचे दोन भाग खेळवत. त्यानंतरही बरोबरी राहिली, तर सामन्यात ज्या संघाने पहिला गुण मिळवला होता त्याला विजयी ठरवत. म्हणजे तासाभरापूर्वी, लोक अजून जागा शोधून बसत असताना झालेला एक गुण शेवटी निकाल लावी. त्या काळचे जुने खेळाडू सांगतात की, पहिल्या चढाईला जाताना म्हणूनच फार जपून जावे लागे. तो नियम गेला ते बरे झाले असे माझे मत आहे.

दूरदर्शन संचावर तुम्ही प्रो कबड्डी पाहता. ती २०१४ साली सुरू झाली. तिच्यात बरीच वर्षे साखळी सामना बरोबरीत सुटला की गुण वाटून देत. २०२५ च्या बाराव्या हंगामापासून साखळी सामन्यांचाही निकाल लावायचे ठरले, आणि तेही याच पाच चढायांच्या व सुवर्ण चढाईच्या पद्धतीने. गंमत अशी की, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, २९ ऑगस्टला विशाखापट्टणमला पुणेरी पलटण आणि बंगळुरू बुल्स यांचा सामना ३२-३२ असा सुटला. पाच-पाच चढायांत पुण्याने ६-४ अशी बाजी मारली. नवा नियम कसा चालतो हे पाहायला लोकांना एक दिवसही थांबावे लागले नाही.

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेत एक खेळ आहे, त्याला तिथले लोक फुटबॉल म्हणतात. आपला फुटबॉल तो नव्हे. त्यांचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि बहुतेक वेळ तो हातात धरून पळतात किंवा हाताने फेकतात. खेळाडू डोक्यावर शिरस्त्राण घालतात, खांद्यांवर जाड गाद्या बांधतात आणि एकमेकांवर आदळतात. चेंडू घेऊन समोरच्या टोकाच्या पट्टीत पोहोचले तर ६ गुण. त्याला टचडाउन म्हणतात. तिथपर्यंत जाता आले नाही तर दुरून लाथ मारून चेंडू दोन उंच खांबांमधून घालवता येतो, त्याचे ३ गुण.

या खेळात चेंडू ज्याच्याकडे असतो तोच बहुधा गुण करतो. म्हणून बरोबरीनंतर चेंडू आधी कोणाला मिळतो याला फार महत्त्व. तिथल्या व्यावसायिक संघांच्या साखळी सामन्यांत १९७४ पासून १५ मिनिटांचा जादा वेळ आला. नियम साधा होता. नाणेफेक करायची, आणि जो आधी कोणताही गुण करील तो जिंकला. खेळ तिथेच थांबला. त्यामुळे नाणेफेक जिंकायची, थोडे पुढे जायचे, लांबून चेंडू खांबांमधून मारायचा आणि घरी जायचे, असे होऊ लागले. लोकांनी तक्रारी केल्या. मग २०१० साली बाद फेरीसाठी नियम थोडा बदलला. पहिल्या संघाने ३ गुण केले तर दुसऱ्याला संधी द्यायची, पण टचडाउन केले तर सामना संपला.

हा अर्धा बदल पुरेसा नव्हता, हे २३ जानेवारी २०२२ रोजी सर्वांना दिसले. कॅन्सस सिटी आणि बफेलो या शहरांच्या संघांचा बाद फेरीचा सामना होता. शेवटच्या दोन मिनिटांत दोघांनी मिळून २५ गुण केले. कधी हा पुढे, कधी तो पुढे. १३ सेकंद उरली असताना बफेलो ३ गुणांनी पुढे होते. प्रेक्षक उठून जायच्या बेतात होते. तेवढ्या १३ सेकंदांत कॅन्सस सिटीने बरोबरी साधली. ३६-३६. नाणेफेक कॅन्सस सिटीने जिंकली, त्यांनी सरळ जाऊन टचडाउन केले आणि सामना ४२-३६ असा संपला. बफेलोचा जोश ॲलन त्या दिवशी अप्रतिम खेळला होता. जादा वेळेत त्याच्या हातात चेंडू एकदाही आला नाही. तो बाजूला उभा राहून पाहत होता.

त्याच वर्षी बाद फेरीचा नियम बदलला. आता दोन्ही संघांना एकेकदा चेंडू मिळालाच पाहिजे असे ठरले. आणि मित्रांनो, पुढचा भाग वाचून मला माझी जीप आठवली. फेब्रुवारी २०२४ च्या अंतिम सामन्यात सॅन फ्रान्सिस्को आणि कॅन्सस सिटी बरोबरीत आले. सॅन फ्रान्सिस्कोने नाणेफेक जिंकली आणि चेंडू आधी मागून घेतला. त्यांनी ३ गुण केले. मग कॅन्सस सिटीची पाळी. किती गुण हवेत ते त्यांना आता नेमके माहीत होते. त्यांनी टचडाउन केले आणि २५-२२ असे विजयी झाले. सामन्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या काही खेळाडूंनी सांगितले की, हा नवा नियम आपल्याला माहीत नव्हता. कोट्यवधी रुपये मिळवणारे, रोज सराव करणारे, शिकवायला डझनभर मार्गदर्शक असलेले खेळाडू! त्यांना नियम माहीत नव्हता, हे वाचून मला थोडे बरे वाटले हे कबूल करतो.

२०२५ पासून त्यांच्या साखळी सामन्यांतही दोघांना संधी देण्याचा नियम लागू झाला. पण तिथे जादा वेळ आता १० मिनिटांचाच आहे. १५ वरून तो १० मिनिटांवर २०१७ साली आणला. कारण खेळाडूंच्या शरीराची काळजी. इतका वेळ आदळआपट झाल्यावर थकलेल्या माणसाला जखम लवकर होते. त्यामुळे साखळीत कधीकधी जादा वेळेनंतरही निकाल लागत नाही. २८ सप्टेंबर २०२५ रोजी ग्रीन बे आणि डॅलस यांचा सामना ४०-४० असाच राहिला. म्हणजे आमच्या आयोजकांची काळजी आणि त्यांची काळजी एकाच जातीची होती. त्यांना खेळाडूंच्या हाडांची भीती, आम्हांला रस्त्यावरच्या वाघाची. खेळ कुठेतरी थांबवावाच लागतो. फक्त थांबवण्याआधी दोघांना सारखी संधी मिळाली का, एवढा प्रश्न उरतो.

आपल्या ओळखीच्या फुटबॉलनेही हा धडा गिरवला. 'सुवर्ण गोल' असा एक नियम काही वर्षे होता. जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना संपला. विश्वचषकात असा पहिला गोल १९९८ साली फ्रान्सच्या लॉराँ ब्लाँने पॅराग्वेविरुद्ध केला. या नियमाने खेळ अधिक रंगेल असे वाटले होते. पण एका चुकीने सगळे संपणार या धास्तीने संघ पुढे यायलाच तयार होईनात. २००४ साली तो नियम काढून टाकला. क्रिकेटचे तर तुम्हांला मी सांगायला नको. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्या धावा २४१-२४१ झाल्या. मग सुपर ओव्हर झाली, तिच्यातही १५-१५. शेवटी कोणी जास्त चौकार-षटकार मारले ते मोजून चषक इंग्लंडला दिला. लोक इतके नाराज झाले की, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नियम बदलला आणि निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर खेळवायचे ठरले.

आता पुन्हा आपल्या मैदानावर येऊ. त्या नाणेफेकीनंतरच्या वर्षी आम्ही त्याच गावी पुन्हा गेलो. या वेळी नियमपुस्तक माझ्या पिशवीत होते आणि खिशात शिटी व घड्याळ. सामन्याआधीच मी आयोजकांना ते पान दाखवले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि म्हणाले, "सर, हे आधी का नाही सांगितलं?" मी काय उत्तर देणार?

योगायोग असा की, उपान्त्य सामना पुन्हा बरोबरीत सुटला. २४-२४. ऊन कलले होते, पण रेषा दिसत होत्या. दोन्ही कर्णधारांनी यादी दिली. आमच्या यादीत पाचव्या क्रमांकावर तो जीपमध्ये प्रश्न विचारणारा मुलगा होता. आता तो नववीत होता. एरवी तो डाव्या कोपऱ्यात पकड करायचा, चढाईला जवळजवळ कधीच जात नसे. त्याला मुद्दाम शेवटी ठेवले, की तिथपर्यंत निकाल लागून जाईल आणि त्याच्यावर वेळ येणार नाही.

पण वेळ आलीच. नऊ चढाया झाल्या तेव्हा ते चार, आम्ही तीन. शेवटची चढाई त्याची. एक गुण घेतला तर सुवर्ण चढाई, दोन घेतले तर विजय. तो 'कबड्डी कबड्डी' म्हणत गेला. उजवीकडे एक हूल दिली, डावा पाय निदान रेषेपलीकडे टाकला, आणि परत फिरताना त्याचा घोटा एकाने धरला. तो मध्यरेषेकडे झेपावला. बोटे रेषेपासून वीतभर लांब राहिली. पंचाने दम तुटल्याची खूण केली.

त्या चढाईत त्याने रेषा नीट ओलांडली होती की नाही, पाय हवेत होता की जमिनीवर, यावर जीपमध्ये मुले घरी येईपर्यंत भांडत होती. तोही भांडत होता. त्याचे म्हणणे होते की, पाय टेकलाच नव्हता, बोनस मागण्यात अर्थ नाही, चूक आधीच झाली होती. उजवीकडे हूल द्यायला नको होती, डावीकडे द्यायला हवी होती. शंकरपूरच्या फाट्याजवळ ड्रायव्हरने जीप थांबवली आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितले, कारण पुढच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध रानगवे उभे होते. ते जाईपर्यंत सगळे चूप राहिले. मग भांडण पुन्हा सुरू झाले.